दादाच्या कानात आवाज सोडणारी

चाळिशी उलटली तरी घरात सगळे तिला बारकीच म्हणायचे. तिचा थोरला भाऊ एका बँडमध्ये ड्रम वाजवायचा आणि ती स्टेजच्या कडेला मिक्सरवर बसायची. वादकांच्या कानातल्या इअरफोनमध्ये कुणाला काय आणि किती ऐकू जाणार, हे तिच्या हातात होतं.

दादाच्या कानांचे साचे घेऊन घट्ट बसणारे इअरफोन तिनेच करवून आणले होते. बाहेरचा गोंगाट अडला की आतला आवाज कमी ठेवता येतो, हे त्याला दहादा समजावलं होतं. पण दुसऱ्याच गाण्याला डावा इअरफोन त्याच्या खांद्यावर लोंबायचा.

"दोन्ही घातले की पाण्यात बुडाल्यासारखं वाटतं गं. समोरची माणसं ऐकूच येत नाहीत."

मग उघड्या कानावर झांजा आदळायच्या आणि त्यावर मात करायला उजव्या कानात आवाज वाढवावा लागायचा. तो काठी वर करायचा, ती वाढवायची. एकदा तिने गुपचूप कमी केला, तर त्याची लयच घसरली. गायिकेने वळून पाहिलं. बारकीने निमूट आवाज पुन्हा वर नेला.

एक दिवस वहिनीचा फोन आला. "घरी टीव्हीने भिंती हादरतात. तू सांग ना, तुझं ऐकतात ते."

"ऐकतो कुठे, वहिनी?" बोलून गेल्यावर तिलाच कसंसं झालं.

शेवटी तिने त्याला कानांच्या तपासणीला नेलं. सूर ऐकू आला की दाबायचं बटण धरून तो काचेच्या खोलीत बसला, परीक्षेला बसल्यासारखा ताठ. बाहेर तपासणाऱ्या बाई एकामागून एक बारीक सूर सोडत होत्या. त्याचा अंगठा हलत नव्हता.

"गेलेलं परत येणार नाही," बाई म्हणाल्या. "आहे ते सांभाळा."

दादा बाहेर येऊन हसला. "पास झालो ना?"

पुढच्या कार्यक्रमात त्याने चार गाणी दोन्ही इअरफोन ठेवले. पाचव्याला डावा निघाला, काठी वर गेली. बारकीने नकारार्थी मान हलवली. त्याने पुन्हा खूण केली, रागाने नाही, अजिजीने. तिने वाढवला.

"मी हे काम सोडते," ती नंतर म्हणाली.

"सोड. नवा माणूस मागेन तेवढा देईल. तू निदान भांडतेस तरी."

तिने सोडलं नाही. आता तो मागतो, ती निम्मा वाढवते, तो पुन्हा मागतो. परतताना गाडीत ती काही बोलली की तो "काय?" म्हणतो. दोनदा सांगून झालं की ती म्हणते, "काही नाही, राहू दे."