खुर्चीखालचं पाऊल

नोकऱ्या सोडून मी आणि माझी बहीण सुमन यांनी घरगुती समारंभांत जुनी गाणी सादर करायचा व्यवसाय सुरू केला. पहिलंच काम एका आजोबांच्या पंच्याहत्तरीचं. सुमन गात होती, मी पेटीवर. पण पाहुणे गप्पांत रंगलेले आणि आजोबा डोळे मिटून बसलेले. कुणी ऐकतंय का, हे माझी नजर शोधू लागली. तेवढ्यात दिसलं, खुर्चीखाली आजोबांचं पाऊल ठेका धरत होतं. जीव भांड्यात पडला. टाळ्या न वाजवताही माणसं किती मनापासून ऐकत असतात! सुमनला मात्र ते दिसलं नव्हतं. तिनं गाणं आटोपतं घेतलं.

आजोबांनी डोळे उघडले. “पोरी, शेवटचं कडवं राहिलं की गं!”

सुमन खुदकन हसली आणि मोकळ्या गळ्यानं गाऊ लागली.