सुलभाताईंचा राजीनामा

सुलभाताई संगणकाच्या पडद्याला लाकडी फुटपट्टी लावून वाचायच्या. ओळ संपली की पट्टी एक घर खाली. झाशीच्या सदर बाजारातल्या प्रशिक्षण केंद्रात शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बुंदेलीत विचारलं, "काए आंटी जी, जो का कर रईं?"

ताई म्हणाल्या, "नज़र भागती है मैडम, पट्टी नहीं भागती."

ही सवय आमच्या शाळेतली. लक्ष्मी गेटजवळच्या त्या शाळेच्या कचेरीत ताई बारा वर्षं निकालपत्रकं तपासत होत्या. यजमान रेल्वेत, भुसावळहून बदलून आलेले. मी तिथे गणित शिकवते. माझा जन्मच झाशीचा, त्यामुळे माझं मराठी निम्मं हिंदी. "कोशिश काय गं? प्रयत्न म्हण," असं मला दिवसातून चारदा ऐकावं लागे. चूक दिसली की त्यांचा हात शिवशिवायचा, मग ती निकालात असो की माझ्या तोंडात.

पुढे निकाल संगणकावर करायचं ठरलं. "मग मी काय करू, घंटा वाजवू?" म्हणत ताईंनी शेहेचाळिसाव्या वर्षी सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या सहा महिन्यांच्या कोर्सला नाव घातलं. "दुसऱ्यांच्या चुका काढायची नोकरी असते म्हणे! मी जन्मभर दुसरं केलंय काय?"

पण वर्ग भरायचा अडीचला आणि शाळा सुटायची चारला. मुख्याध्यापक दुबेजी लवकर सोडायला तयार नव्हते. पंधरा दिवस रोज वाद. नोकरी सोडावी तर कोर्सनंतर काम मिळेल याची खात्री नाही. कोर्स सोडावा तर इथली खुर्चीही जाणारच. एका सकाळी ताई तणतणत आत शिरल्या. राग आला की त्यांच्या हिंदीत मराठी घुसायचं.

"सर, मैं राजीनामा देती हूँ!"

दुबेजींचा चेहरा फुलला. "बहुत बढ़िया, मैडम! हम भी तो यही चाहते थे. चाय मँगवाएँ?"

ताई चहा न घेता बाहेर आल्या. "बारा वर्षं गं! आणि माणूस चक्क खूश झाला!" डोळे भरले होते. तेवढ्यात दुबेजींनी मला बोलावून नवं वेळापत्रक हातात दिलं. सुलभाताई सकाळी लवकर येतील, दोनला जातील. "मैडम राज़ीनामे पर आ गईं, तो थोड़ा हम भी झुकते हैं."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. हिंदीत राज़ीनामा म्हणजे समझोता! ताईंना सांगितलं तर आधी डोळे पुसले, मग पोट धरून हसल्या. "म्हणजे मी नोकरीवर पाणी सोडलं आणि इकडे तह झाला? त्यांना सांगू नकोस हं." मी नाही सांगितलं. बारा वर्षांत ताईंनी खपवून घेतलेली ही एकच चूक.

सहा महिने त्या दोनला निघायच्या, ऑटोत बसून वही उघडायच्या. मॅडमच्या नमुना प्रोग्राममधल्या तीन चुका पट्टीनं काढल्या, तेव्हापासून 'आंटी जी'च्या जागी 'सुलभाजी' झाल्या. शेवटी पुण्याच्या कंपनीचं बोलावणं आलं. मला आनंद झाला, पण आता 'प्रयत्न म्हण' असं मला कोण सांगणार, हेही मनात आलं.

या वेळी ताईंनी अर्ज लिहून नेला. वर स्वच्छ अक्षरांत शुद्ध हिंदी 'त्यागपत्र'. मी सोबत होते. दुबेजींनी तो वाचला आणि चष्मा काढला.

"इस बार राजीनामा नहीं दिया, मैडम?"

ताईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी मान हलवून 'मी नाही' म्हटलं.

"मराठी मतलब हमें उसी हफ़्ते पता चल गया था. बबीना छावनी के एक मराठी फ़ौजी की पत्नी ने बताया, बच्चे की फ़ीस भरने आई थीं. पर टाइम-टेबल टँग चुका था. और आपको रोज़ दो बजे भागते देखा, तो उतारने का मन नहीं हुआ." मग हळूच म्हणाले, "आज भी मन नहीं है. पर राज़ी हैं."

ताईंनी अर्ज परत घेतला. पर्समधून फुटपट्टी काढून 'त्यागपत्र'वर सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, 'राजीनामा'.