नसलेल्या स्विचची गळती

माझी आत्या ज्या स्विचवर पोट भरते, तो स्विच मुळात नाहीच. एका दणकट संगणकाच्या पोटात पन्नास संगणक असल्याचं सोंग चालतं आणि त्यांच्या माहितीची पाकिटं इकडून तिकडे पोचवणारा स्विचही त्याच सोंगातला. हे आजीला समजावता समजावता आत्याची चाळिशी आली.

एकदा त्या स्विचमधून पाकिटं गळायला लागली. एका इस्पितळाचे एक्स-रे अर्धवट पोचू लागले. साहेब म्हणाले, "चारपर्यंत थांबवा, नाहीतर हे काम दुसऱ्यांकडे देतो." तीन वर्षं जीव लावून उभं केलेलं काम. आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. घाईघाईत तिने तक्रार लिहिली: 'तिसरा मजला, स्विचमध्ये गळती, तातडीचं.' ती गेली नेमकी इमारतीच्या देखभालवाल्यांकडे. अकराला पान्हा घेऊन प्लंबर हजर.

"कुठे गळतंय?"

"स्विचमध्ये."

त्याचा चेहरा उतरला. "आधी मेन बंद करा."

"पाणी नाही हो, पाकिटं गळतायत. आणि स्विच दिसत नाही."

वेड्यांशी गोडीगुलाबीने बोलावं, असं त्याच्या आईने शिकवलं होतं. त्याने शांतपणे खुर्ची ओढली. "बरं. टाकी तरी आहे का?"

"आहे की. पाकिटं तिथे थांबतात. भरली की सांडतात. सकाळपासून दोनदा मोठी केली."

"मोठी केली तर उशिरा सांडेल, एवढंच. बॉलकॉक नाही बसवला? टाकी भरली की वरचा नळच बंद."

आत्या उठली, बसली, पुन्हा उठली. पाकिटांची रांग भरली की पाठवणाऱ्या संगणकाला 'थांब' म्हणायचं, जागा झाली की 'सोड'. हे तिने पुस्तकात दहादा वाचलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती खटाखट बटणं बडवायला लागली.

"अगदी काठोकाठ भरू देऊ नका," तो मागून म्हणाला. "नळ बंद होईतो जे येतं, ते मावायला हवं."

तेही तिने केलं. साडेतीनला गळतीचा आकडा वाढायचा थांबला. दहा मिनिटं दोघं आकड्याकडे बघत राहिले. एकही पाकीट गळलं नाही. एक्स-रे पूर्ण पोचला, अगदी शेवटच्या बरगडीपर्यंत. साहेब आले तेव्हा दोघं चाकाच्या खुर्च्यांवर गरागरा फिरत होते. साहेबांनी आकडा पाहिला, आत्याला म्हणाले, "काम तुमच्याकडेच," आणि घाबरून दार लावून घेतलं.

मग प्लंबरने काम झाल्याचा कागद पुढे केला. शेवटचा प्रश्न होता: 'पुन्हा यावं लागेल का?'

थेंबभरही गळत नव्हतं. आत्याने लिहिलं, 'हो.'

आतोबांच्या पाकिटात तो कागद अजून आहे.