शिक्षक मैदानात, मुलं वर्गात

सई, ईशान,

परवा फोनवर ईशान म्हणाला, "आजी, आमच्याही शाळेत नशेबद्दल प्रश्नावली देतात. पण खरं कोण लिहितं?" ज्या बाईने याचं उत्तर तुला नीट दिलं असतं, ती माझी मैत्रीण विजू, तुमची विजूआजी, गेल्या महिन्यात गेली. म्हणून हे आताच लिहिते आहे.

मोहने गावाजवळच्या एका शाळेत आम्ही दोघी शिकवत होतो. ती विज्ञान, मी इंग्रजी. शाळेमागे खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या सापडू लागल्या, तेव्हा विजूने नशेबद्दल बिननावाची प्रश्नावली तयार केली. पहिल्या वर्षी वर्गशिक्षक परीक्षेच्या सवयीने बाकांमधून फिरले. सगळ्या कागदांवर एकच उत्तर आलं, "कधीच नाही." मुख्याध्यापक खूश झाले. विजू म्हणाली, "सर, ही उत्तरं मुलांची नाहीत, आपल्या धाकाची आहेत."

पुढच्या वर्षी तिने सगळ्या शिक्षकांना मैदानात उभं केलं. कागद मुलांनीच गोळा केले. या वेळी उत्तरं खरी होती. दहावीच्या गठ्ठ्यातल्या एका कागदावर लिहिलं होतं, "रोज लागतं. सांगणार कोणाला?"

"दहावीच्या वह्या मागवा," मुख्याध्यापक म्हणाले. "अक्षर जुळवू. मूल सापडेल."

"नाव कळणार नाही असा शब्द दिलाय मी, सर. आज हे मूल सापडेल, पण उद्यापासून कोणी खरं लिहिणार नाही."

"आणि त्याचं काही बरंवाईट झालं तर?"

"तर ते माझ्यावर," विजू म्हणाली. एवढं ओझं एखादं माणूस आपणहून कसं उचलतं, हे मला आजही कळत नाही.

मग संस्थेला कळवण्याआधी तिने निकाल मुलांना वाचून दाखवला. "तुम्ही खरं सांगितलंत, म्हणून आधी तुम्हाला. सांगायला कोणी नाही असं तुमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं. ती चूक आमची. शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत असते, दार उघडं असतं."

ती रोज बसायची. कोणी येईना. "काय विजूबाई, दुकान चालतंय का?" शिक्षकखोलीत चेष्टा व्हायची. "अजून बोहनी व्हायचीय," ती हसून म्हणायची. पण संध्याकाळी कुलूप लावताना तिचा चेहरा मी पाहिलेला आहे.

एका दुपारी मी तिथेच वह्या तपासत होते. दहावीतली एक मुलगी दारात आली.

"बाई, तो कागद ना… माझा होता."

कुठला, असं विजूने विचारलं नाही. "ये," ती म्हणाली, "आधी डबा खा." मी वह्या उचलून बाहेर गेले. पुढे डॉक्टर, आईची रडारड, वाया गेलेलं एक वर्ष, सगळं झालं. ती मुलगी आज ठाण्यात नोकरी करते. विजूला शेवटचं पाहायला आली होती, पायाशी उभी राहिली आणि नमस्कार करून गेली.

विजू नाही. त्या शाळेत प्रश्नावलीच्या दिवशी शिक्षक अजूनही मैदानात उभे राहतात, आणि निकाल आधी मुलांना वाचून दाखवतात.