मामांच्या ब्रेकमधली हवा

"दाब! आता धर. सोडू नको. अगं, सोडू नको म्हणतो ना."

गाडीखालून हे ओरडणारे माझ्या बायकोचे भिंगारचे मामा, आणि वर ड्रायव्हरच्या जागी नऊवारीचा काचा मारून, ब्रेकच्या पायडलवर पाय ठेवून मेथी निवडत बसलेल्या त्या मामी. आपल्या गाडीवर इतका जीव लावणारा आणि तिच्यावर इतका कमी ताबा असणारा माणूस मी अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही. मामांनी तीस वर्षं लष्कराच्या गाड्यांच्या कारखान्यात काढली, पण ती कारकुनाच्या टेबलावर. प्रत्येक नटाचं नाव त्यांना पाठ होतं, ओळख मात्र एकाशीही नव्हती. निवृत्त झाल्यावर त्यांनी लिलावातली एक काळी मोटार घरी आणली. तिच्या ब्रेकमध्ये सदा हवा शिरलेली असे. नगरात दाबलेला ब्रेक राहुरीत लागायचा. एका दिवाळीला मामींच्या माहेरी देवळाली प्रवऱ्याला जाताना तो तिथेही लागला नाही; गाडी उसाच्या बैलगाडीत मागून घुसली आणि मामी मांडीवर अर्धा एकर ऊस घेऊन परत आल्या. "उभ्या गाडीत म्हणाल तितकं बसंन," त्या म्हणाल्या, "चालत्या गाडीत न्हाई."

तेव्हापासून दर रविवारी मामा हवा काढत. मामींनी पायडल दाबून धरायचं, मामांनी चाकामागचा निपल पान्यानं सैल करायचा, मग नळीतून तेल आणि बुडबुडे लोणच्याच्या बरणीत उतरायचे. निपल आवळला की मगच पाय उचलायचा. मामी 'सोडू नको'मधलं 'सोडू' ऐकूनच पाय आधी उचलत, बाहेरची हवा पुन्हा आत जाई, आणि रविवार पुढच्या रविवारवर जाई. पण आता मामींच्या भावाच्या नातवाचं बारसं आलं होतं, आणि बायकोला माहेरच्या दारात मोटारीतून उतरवायचंच, असा मामांनी पण केला होता.

बारशाच्या आदल्या दिवशी मी मदतीला गेलो. मी कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस. मामा म्हणाले, "जावईबापू, मी तेल घेऊन येतो. तुमी मागच्या चाकापासनं हवा काढायला घ्या." मी जावयाच्या निष्ठेनं चारही चाकांची हवा काढली. मामा आले तेव्हा गाडी खुडूक कोंबडीसारखी जमिनीला टेकली होती.

"हे काय केलं?"

"हवा काढली."

"ब्रेकची म्हटलं हुतं."

मामींनी मेथीतून मान वर केली नाही. "मराठीचे मास्तर हायती न्हवं?"

मग अर्धं भिंगार पंप मारायला लोटलं आणि संध्याकाळपर्यंत चाकं फुगली. ब्रेकचं म्हणाल तर, पंपाच्या गोंगाटात मामांचं ओरडणं मामींना ऐकूच गेलं नाही. दर खेपेला मामा निपल आवळून खालून हात हलवीपर्यंत त्या पाय दाबून बसल्या त्या बसल्याच, आणि वर्षभरात पहिल्यांदा सगळी हवा बाहेर आली. मामांनी गल्लीत चक्कर मारून ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. माझं कपाळ तेवढं काचेपर्यंत पुढे गेलं.

"आता येशील का?" मामांनी विचारलं.

"मी एष्टीनं जाते," मामी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी एष्टी पुढे आणि आम्ही मागे, अशी वरात निघाली. एष्टी थांबली की मामा कचकन ब्रेक मारत, उतरून मामींच्या खिडकीखाली जात आणि सांगत, "लागला बघ." मामी पदर सावरून पलीकडे बघत. राहुरीपर्यंत हे अकरा वेळा झालं. शेवटच्या खेपेला मामा खिडकीखालून तसेच वळले. गाडीपाशी परत आले आणि रिकाम्या सीटवरची धूळ उपरण्यानं पुसत राहिले.

अर्धीअधिक एष्टी राहुरीला उतरली होती. मामीही उतरल्या, पिशवी घेऊन सरळ आमच्याकडे आल्या आणि मला म्हणाल्या, "मास्तर, मागं बसा."

मामा उरलेला रस्ता बैलाच्या चालीनं गेले. ब्रेक दाबायची वेळच आली नाही.

आता मामा नाहीत. परवा मामींना विचारलं, त्या दिवशी मध्येच का उतरलात?

"एष्टीला लई गर्दी हुती," त्या म्हणाल्या.