ओबीच्या वाट्याचे शब्द

माझ्या नवऱ्याने अठ्ठावीस वर्षं दुसऱ्याच्या ओळी पूर्ण केल्या. नोकरीच ती होती. ओबी मेजर मेब्रीबरोबर असतो असं कळलं की लोक आधी माझ्याकडे बघायचे, मग आमच्या जुन्या गाडीकडे, आणि विचारायचे, "म्हणजे नक्की करतो काय तो?" मी सांगायचे, "शेवटचा शब्द म्हणतो." त्यांना वाटायचं मी थट्टा करतेय.

मेजर मेब्री हे डेलरॉयचं रॅप करतानाचं नाव. साउथ मेम्फिसमध्ये ओबीच्या घरापासून चार घरं सोडून राहायचा. तोंड असं चालायचं की बाई त्याला वर्गाबाहेर काढायच्या आणि मग स्वतःच दाराआडून ऐकत उभ्या राहायच्या. फक्त एक होतं, त्याला दमा होता. शहाण्णव साली शाळेच्या गॅदरिंगमध्ये तो पहिल्यांदा रॅप करायला उभा राहिला, आणि चौथ्या ओळीलाच श्वास संपला. यमकाचा शब्द तेवढा राहिला. ओबी मागे टेप सांभाळायला बसला होता. त्याला सगळी ओळ पाठ होती, म्हणून त्याने तो शब्द ओरडून टाकला. पुढच्या ओळीला पुन्हा तेच. लोकांना वाटलं, मुद्दाम बसवलंय. बाकं वाजवली त्यांनी.

झालं. तिथून डेलरॉयची ती खासियत ठरली. पुढे मासिकवाल्यांनी त्याला "दोन गळ्यांचा माणूस" असं नाव दिलं, त्यावर पानंच्या पानं लिहिली. खरी गोष्ट तिघांना माहीत होती: डेलरॉय, ओबी आणि मी. डेलरॉयचा श्वास संपत आला की त्याचा डावा खांदा किंचित वर यायचा. बाकी कोणाला दिसायचा नाही. ओबी तो खांदा बघत उभा असायचा. तीच त्याची नोकरी.

पैसा आला तो भसाभस आला. डेलरॉयने आईला घर घेतलं, स्वतःला तीन गाड्या घेतल्या आणि ओबीला खालचे चार दात सोन्याचे करून दिले. आमच्या लग्नाच्या फोटोत ते दातच आधी दिसतात. मग गाड्या धुण्याची सात दुकानं, दारूच्या एका कंपनीत हिस्सा, शहराबाहेर चाळीस एकर आणि घोडे. घोड्यांच्या केसांनी त्याचा दमा उसळायचा, म्हणून तो काचेआडून त्यांच्याकडे बघायचा. पगारावर अडतीस माणसं. एका मावसभावाचं काम नुसतं बुटांच्या पेट्या सांभाळायचं.

ओबीला त्याने कधी फसवलं नाही, हे मी आधीच सांगून टाकते. लोकांना तसली गोष्ट ऐकायला आवडते, पण तसं झालं नाही. पगार वेळेवर यायचा. मेम्फिसच्याच व्हाइटहेवन भागातलं आमचं घर त्यातूनच झालं. माझी हॉस्पिटलच्या धोबीखान्यातली नोकरी मी सोडली नाही, कारण वर्षातले दोनशे दिवस ओबी बसमध्ये असायचा आणि रिकाम्या घरात बसून मी काय करणार होते? जोनेटा, आमची मुलगी, बापाला सुट्टीतला पाहुणाच समजायची. एकदा तिने त्याला विचारलं होतं, "तुम्ही जेवून जाणार ना?"

चाळिशी ओलांडल्यावर ओबीचे गुडघे गेले. मग आवाज. सकाळी तोंडातून नुसती खरखर यायची, दुपारपर्यंत मध आणि गरम पाणी पिऊन थोडा रस्ता मोकळा व्हायचा, संध्याकाळी पुन्हा ओरडायचं. शेवटी मी त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "स्वरतंतूंवर गाठी आहेत. सहा महिने गप्प बसा, नाहीतर कायमचे गप्प बसाल."

डेलरॉयचा सगळा कारभार प्रूडन्स आस्क्यू नावाची बाई बघायची. फार सभ्य, डोळ्यांखाली कायम काळं. तिने तोडगा काढला: ओबीचे सगळे शब्द रेकॉर्ड करून ठेवायचे आणि कार्यक्रमात तेच वाजवायचे. ओबी घरी, अर्धा पगार चालू. डॉक्टरीणबाईंकडून तीन दिवसांची मुदत मागून घेतली.

ते तीन दिवस मीच त्याला स्टुडिओत नेलं. काचेपलीकडे तो एकटा उभा, कानावर हेडफोन, आणि नुसते शेवटचे शब्द. "चाव्या." "मंगळवार." "जामीन." "आई." अकराशेच्या वर शब्द होते. अठ्ठावीस वर्षांची गाणी, पण मधलं काहीच नाही, नुसते काठ. तिसऱ्या दिवशी ध्वनीचं काम बघणारा वेंडेल म्हणाला, "ओबी, तो 'आई' जरा आनंदाने म्हण ना."

"त्या ओळीत ती मेलेली आहे रे," ओबी म्हणाला.

"असं होय? मग राहू दे."

आणि ओबी घरी आला. पहिले पंधरा दिवस नुसता झोपला. मग उठून स्वयंपाकघरात गेला आणि प्रत्येक खण उघडून बघायला लागला. त्याला बोलायची मनाई, म्हणून वहीवर लिहून मला दाखवलं, "चमचे कुठे असतात?" सोळा वर्षांचं घर आमचं. मी हसले, पण मला जरा भरूनही आलं.

पुढचे महिने बरे गेले. तो लिहायचा, मी बोलायचे. भांडण करायचं म्हटलं तरी त्याला लिहीपर्यंत माझा राग उतरायचा. जोनेटा नॅशव्हिलहून फोन करायची आणि तासभर बोलायची. हो असेल तर हा टेबलावर एकदा टकटक करायचा, नाही असेल तर दोनदा. इतकं ती त्याच्याशी आधी कधी बोलली नव्हती. चर्चच्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणारी गाडीही तो चालवायला लागला. म्हातारे म्हणायचे, "याच्यासारखा ड्रायव्हर नाही, एक शब्द मध्ये बोलत नाही."

ऑक्टोबरात शार्लट शहरातल्या कार्यक्रमात जे व्हायचं ते झालं. दुसऱ्याच गाण्यात डेलरॉयचा श्वास ओळीच्या मध्यातच तुटला. ओबी असता तर त्याने आधीच शब्द टाकून ओळ मिटवली असती, वर दोन शिव्या हाणून वेळ काढला असता. रेकॉर्डिंग कोणासाठी थांबतंय? मागून ओबीचा आवाज आला, "चाव्या." मग पुढच्या ओळीचा शेवट. मग त्याच्या पुढच्या. डेलरॉय माइक धरून उभा, आणि ओबीचा आवाज बाकीच्या ओळीशिवाय एकटाच यमकं जुळवतोय. बारा हजार माणसं बघत होती आणि त्यातल्या निम्म्यांच्या हातात फोन.

सकाळी धोबीखान्यात पोरींनी मला ते दाखवलं. "मावशी, हा तुमच्या नवऱ्याचाच आवाज ना?" त्या हसत होत्या. मीही हसले. मग चादरींच्या खोलीत जाऊन थोडा वेळ बसले.

मंगळवारी दुपारी डेलरॉय आला. एकटा, स्वतः गाडी चालवत. मी डुकराच्या मानेच्या हाडांचं कालवण केलं होतं, सोबत वालाचे दाणे आणि मक्याचा ब्रेड.

"वहिनी, वास गल्लीच्या तोंडापर्यंत आलाय," तो दारातूनच म्हणाला. आत येऊन खुर्चीत बसला तो असा, जणू कोणी वरून सोडलाय.

ओबीला तोवर हळू आवाजात थोडं बोलायची परवानगी मिळाली होती. त्याने ताट वाढून डेलरॉयपुढे सरकवलं.

"अजून एकोणीस कार्यक्रम आहेत," डेलरॉय खाताखाता म्हणाला.

"रद्द कर मग," मी म्हटलं.

"अडतीस घरं चालतात त्यावर, वहिनी."

"आणि घोडे," ओबी कुजबुजला.

"आणि घोडे," डेलरॉय म्हणाला. त्यालाही हसू आलं नाही.

"लोकांना दम्याचं सांगून का टाकत नाहीस?" मी विचारलं. "आजारच आहे ना, चोरी थोडीच केलीयस?"

"अठ्ठावीस वर्षं मी छाती ठोकून सांगतोय, माझ्याएवढा दमसास या देशात कोणाचा नाही. एका गाण्याचं नावच ते आहे. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

डेलरॉयने हाड चोखून बाजूला ठेवलं. त्याच्या कानामागचे केस पिकलेले मला पहिल्यांदाच दिसले. फोटोत ते काळे असतात.

"थकलायस?" ओबीने विचारलं.

"दोन हजार नऊपासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललास?"

ओबीने ब्रेडचा तुकडा कालवणात बुडवला आणि तो मऊ होईपर्यंत धरून ठेवला. मग म्हणाला, "येतो मी. पण तोंड उघडणार नाही. वेंडेलला सांग, माझे शब्द बटणांवर लावून दे. ओळ आली की बटणांवरचे शब्द त्याने बदलायचे, बटणं दाबायची मी."

डेलरॉय गेल्यावर मी भांडी जरा जास्तच आपटली. "आत्ता कुठे तुला चमचे सापडायला लागले होते," मी म्हटलं.

"एकोणीसच तर आहेत."

"जोनेटाच्या वेळी मी नववा महिना काढत होते, तेव्हाही 'दोनच' म्हणून गेला होतास. बारसं माझ्या भावाने केलं."

त्याने वही उचलली, काही तरी लिहायला घेतलं आणि पुन्हा ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी मीच त्याची बॅग भरली. गुडघ्याचे पट्टे वर ठेवले.

शेवटचा कार्यक्रम डिसेंबरात, मेम्फिसमध्येच होता. मी सहसा जात नाही, आवाजाने डोकं धरतं. पण त्या दिवशी गेले, आणि स्टेजच्या बाजूला पडद्याआड उभी राहिले. तिथे ओबी एका स्टुलावर बसला होता, मांडीवर बटणांची छोटी पाटी, शेजारी वेंडेल. ओबीची नजर डेलरॉयच्या पाठीवर. खांदा हलला की बोट खाली, आणि सभागृहात ओबीचा जुना, धडधाकट आवाज. ज्याचा तो आवाज होता तो ओठ मिटून बसला होता. पूर्वी तीन गाण्यांत एकदा खरा श्वास संपायचा, बाकी नुसता खेळ असायचा. आता एका गाण्यात चार-पाच वेळा. ओबीच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, ओरडण्यापेक्षा हे जास्त कष्टाचं आहे.

शेवटच्या गाण्यात, शेवटच्या कडव्याआधी, डेलरॉय थांबला. मागे गाण्याचा ठोका चालूच होता. त्याने खिशातून दम्याचा पंप काढला, तोंडाला लावला आणि लोकांकडे तोंड करून दोनदा ओढला. काही सांगितलं नाही. पुढच्या रांगेतल्या काहींना तो खेळाचाच भाग वाटला असावा, ते हसले आणि मग गप्प झाले. डेलरॉय श्वास जागेवर येईपर्यंत तसाच उभा राहिला. बराच वेळ गेला. प्रूडन्स माझ्या शेजारी उभी होती. तिने डोळे मिटून घेतले.

मग तो म्हणायला लागला. सावकाश, आपण बोलतो तसं. ओबीचं बोट बटणावर होतं, पण डेलरॉयने न वळता हात मागे करून त्याला थांबवलं आणि ओळ शेवटापर्यंत स्वतः म्हटली. शेवटचा शब्द चुकला त्याचा. सवयच नव्हती. पुढच्या रांगेतल्या एका बाईने बरोबर शब्द ओरडून सांगितला आणि सगळं सभागृह हसलं, डेलरॉयसुद्धा. ओबीने पाटी वेंडेलच्या हातात दिली आणि मला म्हणाला, "पाणी आहे का?"

त्यानंतर डेलरॉयने गाण्यांचे हक्क विकले. आकडा पेपरात आला होता. घोडे गेले, अडतीस माणसांची नऊ झाली, आणि ज्यांना जावं लागलं त्यांतले काही आजही आम्हाला बाजारात ओळख देत नाहीत, जणू ओबीनेच त्यांना काढलं. बुटांवाला मावसभाऊ मात्र आनंदात आहे, त्याने चपलांचं दुकान टाकलं.

ओबीला डेलरॉयने जे दिलं त्यात घराचं कर्ज फिटलं. वर गाड्या धुण्याचं एक दुकानही देत होता.

"नको," ओबी म्हणाला. "सकाळी सहाला उघडावं लागतं."

"माणूस ठेव."

"मग त्या माणसाला कोण उठवणार?"

"तुझ्यासारखा आळशी मी जन्मात बघितला नाही," डेलरॉय म्हणाला. पण जरा हेव्यानेच म्हणाला.

ओबीच्या गळ्यातल्या गाठी गेल्या वर्षी काढल्या. आवाज परत आला, पण बारीक आणि चिरका. विम्याच्या ऑफिसातून फोन आला की पलीकडची मुलगी त्याला "आजी" म्हणते. तो तिला दुरुस्त करत नाही. म्हणतो, आज्यांशी लोक जास्त नीट बोलतात.

आता तो रोज नऊपर्यंत झोपतो. चर्चची गाडी आठवड्यातून तीनदा, बाकी वेळ टोमॅटोचे वाफे. डेलरॉय अधूनमधून येतो आणि दोघं मागच्या अंगणात बसतात. फारसं बोलत नाहीत. मला पेन्शनला अजून तीन वर्षं आहेत. पहाटे साडेपाचला मी निघते तेव्हा माझी पाठ आधीच दुखत असते. ओट्यावर त्याने रात्री भरून ठेवलेला माझा डबा असतो, आणि डब्यात बहुतेक वेळा मीठ विसरलेलं असतं.