हस्ताक्षरतज्ज्ञाच्या घरातली संशयित

माझ्या नवऱ्याने चोरीच्या केसमध्ये माझ्यावरपण संशय घेतला होता.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं. आता सांगायला हरकत नाही.

हे सरकारी हस्ताक्षरतज्ज्ञ. रिटायर झाले आणि आम्ही बिबवेवाडीत राहायला आलो.

सोसायटीच्या चेअरमनसाहेबांच्या घरातून सोन्याच्या बांगड्या चोरीला गेल्या. ओट्यावर पानभर चिठ्ठी.
‘पोलिसात जाऊ नगा, लय वाईट हुईल.’
अक्षर वाकडंतिकडं.

चेअरमन चिठ्ठी घेऊन आमच्या घरी आले. “आमच्या सुनंदाचंच काम. तुम्ही फक्त हो म्हणा, कंप्लेंटमध्ये नाव टाकतो.”

सुनंदा त्यांच्याकडे भांडी घासायची. आमच्याकडेपण.
एकदा नाव लागलं की सगळी घरं बंद.

ह्यांनी तिला डायनिंग टेबलवर बसवलं. हे सांगणार, तिने लिहायचं. परत परत तेच. मध्ये चहा.

ती रडायलाच लागली. “काका, मी नाय घेतल्या.”
“ते मी विचारलंच नाही. लिही.”

मग माझ्याकडे वळले. “तूपण बस.”
“अहो, बायको आहे मी तुमची!”
“गावच्या शाळेत शिकलीस ना? बस.”

असं का! मग मीपण मुद्दाम पहिलीतल्या पोरीसारखं वेडंवाकडं लिहिलं.
तिसऱ्या पानावर हात भरून आला, आणि माझं नेहमीचं अक्षर आपोआप उतरलं.

मला वाटलं ओरडतील. ह्यांनी चिठ्ठी उचलली, खालच्या ओळींवर भिंग धरलं.
“हा पण दमलाय.”

खरंच. वर एकेक अक्षर तुटकं, ‘जाऊ नगा’. खाली रेघ सरळ, अक्षर सफाईदार, आणि चक्क ‘जाऊ नका’.
सुनंदाचं मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तेवढंच वाकडं. सोंग नव्हतंच ते.

ह्यांनी चेअरमनना सांगितलं, “तिचं नाही.”
“मग कोणाचं?”
“माहीत नाही.”
“मग तुमचा उपयोग काय?”
“तुमच्या सोयीचा नाही.”

नाव काही लागलं नाही.

चिठ्ठी कोणाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही. हॉस्पिटलमध्येपण तोच विषय.
मी म्हणायचे, “एक चोर सापडत नाही, आणि म्हणे तज्ज्ञ!”
हसायचे नुसते.

आज सकाळी ह्यांच्या फोटोला हार सुनंदाने घातला.
म्हणलं, चहा घेऊन जा.
“नको काकू, चेअरमनकडची भांडी राहिल्यात.”

अहो, चोर राहिला तर राहिला.
तुम्ही निवांत पडा आता.
नमस्कार करते.